लाकडी माणूस घडवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

विंग चुन या चिनी युद्धकलेच्या सरावाला लागणारा लाकडी माणूस, म्हणजे हात-पाय बसवलेला ओंडका, तुम्ही घडवून दिला आणि मजुरीचा आकडा अजून सांगितला नाही. तो आकडा आम्ही तुमच्याकडून काढून घेऊच. पण काम चालू असताना तुम्ही विचारलं होतं, "हे चिनी डावपेच शिकून पोट्ट्यायले भेटते काय?" त्याचं नीट उत्तर द्यायचं राहिलं. आभारांसोबत तेही लिहितो.

येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्या दिवशी भलतंच काही हवं असतं. कोणाला सिनेमातली उडी हवी असते. विंग चुनमध्ये उड्या नाहीत, आणि लाथही सहसा कमरेच्या वर जात नाही. कोणाच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. यातलं काहीही या सरावाने सुधारत नाही, त्यासाठी पहाटे रस्त्यावर धावावंच लागतं, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. स्पर्धा खेळायच्या असतील तर वुशू हा चिनी युद्धकलेचा स्पर्धेतला प्रकार शिकावा, ते १९९० पासून आशियाई खेळांत आहे. आईवडिलांना पोरगा मोबाईलमधून बाहेर काढायचा असतो, त्याला आमची हरकत नाही. तालुक्याच्या कॉलेजात एस.टी.ने जाणाऱ्या मुलींचं कारण मात्र आम्हाला सगळ्यांत पटतं. त्रास देणारा माणूस गर्दीत, हातभर अंतरावर असतो, आणि ही शैली तेवढ्याच अंतरासाठी आहे.

ती दक्षिण चीनमधल्या फोशान भागात वाढली. आज जगभर जी विंग चुन शिकवतात तिचा मोठा भाग इप मॅन (१८९३–१९७२) यांच्याकडून आलेला. १९४९ मध्ये ते हाँगकाँगला आले आणि पुढच्या वर्षी हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवू लागले. म्हणजे तिथले त्यांचे सुरुवातीचे शिष्य दिवसभर राबून आलेले कामगार होते, डोंगरावरचे साधू नव्हेत. एका भिक्षुणीने यिम विंग चुन नावाच्या मुलीला ही विद्या दिली अशी कथाही सांगतात. ती दंतकथाच. मुलींना आवडते, म्हणून आम्ही ती मोडत बसत नाही.

परदेशी विद्या गावात कशाला, असंही काही जण म्हणतात. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे कबड्डी आणि आपले व्यायामप्रकार दाखवले. त्याच वेळी चीनच्या चमूनेही आपली युद्धकला तिथे दाखवली. हा शेजार जुना आहे. आणि मल्लखांब पाहिलेल्या गावाला खांबासोबतची कसरत काही नवलाची नाही.

आता टिकण्याचं कारण. आमच्या पाहण्यात जे टिकतात, ते मारामारीसाठी टिकत नाहीत. इथे आपली चूक आपल्याच हाताला लगेच कळते, म्हणून टिकतात. पहिला फॉर्म (ठरलेल्या हालचालींची मालिका), सिउ निम ताव, एका जागी उभं राहून करायचा. गुडघे किंचित वाकलेले, पायांची बोटं आत वळलेली, वजन दोन्ही पायांवर सारखं. नवशिका फक्त गुडघे एकमेकांकडे ओढतो, पाऊल आणि मांडी वेगवेगळ्या दिशांना राहतात, आणि काही दिवसांत गुडघ्याची आतली बाजू दुखू लागते. वळण खुब्यापासून आलं पाहिजे. ठोसा उभ्या मुठीचा, कोपर खाली, छातीच्या मधल्या रेषेवरून. हवेत मारताना शेवटी झटका दिला की कोपराचा सांधा मार खातो, म्हणून हात पूर्ण सरळ होण्याच्या जरा आधी थांबवायचा. मग दोघांनी मनगटं एकमेकांना टेकवून हात फिरवायचे, याला चि साव म्हणतात. जोर लावणारा इथे हरतो, कारण समोरच्याने हात अचानक काढला की जोर लावणारा पुढे झुकतो आणि त्याची छाती उघडी पडते. हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

अडचण अशी की चि सावला जोडीदार लागतो, आणि आपल्याकडे जोडीदार हंगामाप्रमाणे येतो. पेरणीत अर्धे गायब. निंदण-डवरणीत उरलेले. कापसाच्या वेचणीत तर उलंगवाडी होईपर्यंत, म्हणजे वेचणीचा हंगाम संपेपर्यंत, कोणाची वाटच पाहू नये. अशा दिवसांत चूक दाखवणारं कोणी राहत नाही. नेमकी ती जागा तुमच्या लाकडी माणसाने भरली.

काका, याला तीन हात आणि एकच पाय का, हे तुम्ही पहिल्यांदाच विचारलं होतं. वरचे दोन हात समोरच्याचे, खांद्याच्या उंचीला. मधला हात पोटाच्या उंचीला, खालून येणाऱ्या ठोशासाठी. पाय पुढे आलेला, म्हणजे सरळ चाल करून आत शिरता येत नाही, कोनातूनच शिरावं लागतं. पाऊल चुकलं की नडगी त्यावर आपटते. बोंग साव, म्हणजे कोपर वर आणि मनगट खाली ठेवून अडवणारा हात, करताना खांदा उचलला गेला, तर हात लाकडावरून घसरतो. कोपर बाहेर गेलं, तर दुसरा हात मोकळा राहतो. इप मॅन यांच्या परंपरेत याच्यावरचा फॉर्म ११६ हालचालींचा मोजतात, काही शाळांत १०८ चा. तो साधारणपणे पहिले दोन फॉर्म हातात बसल्यावरच द्यायचा. आधी दिला की पोरं लाकूड बडवतात, मनगटावर टेंगूळ आणतात आणि त्यालाच ताकद समजतात.

आता तुमच्या कामाबद्दल. सुमारे ५ फूट उंच आणि ९ इंच जाडीचा ओंडका हवा, एवढंच आम्ही सांगितलं होतं. नवं सागवान घ्यायला आम्ही निघालो होतो. तोडायची परवानगी एक वेळ मिळाली असती, पण ओलं खोड आपल्या मे महिन्यात टिकलं नसतं. बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, गाभा तसाच राहतो, आणि खोड उभं तडकतं. पडलेल्या माडीचा जुना सागवानी खांब तुम्ही सुचवलात, तिथेच निम्मं काम झालं. तरीही मागच्या बाजूने गाभ्यापर्यंत करवतीचा एक उभा चर घेऊन ठेवलात, म्हणजे तडकायचं असेल तर तिथेच तडकेल, हातांच्या भोकांतून नाही. दोन्ही टोकांना ऑइलपेंटही लावलात, कारण लाकूड टोकाकडून सगळ्यांत लवकर सुकतं.

हातांसाठी धावडा घेतलात, तोही कापून नाही, फोडून. करवतीने कापलेल्या तुकड्यात लाकडाची रेषा मधेच तुटते. फोडलेल्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाते. कुऱ्हाडीचा दांडा करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण बाजारातले तयार हात जिथे मोडतात ती जागा हीच: गोल भाग संपून ओंडक्यात शिरणारं चौकोनी शेपूट सुरू होतं तिथे. तिथला काटकोन तुम्ही उतरता केलात. वरच्या दोन हातांची शेपटं ओंडक्यात एकमेकांना ओलांडून जातात, म्हणून एक भोक वर आणि एक खाली. तरी बाहेरची टोकं एका उंचीला यायला हवीत. त्यासाठी एकाचं शेपूट खाली सरकवून आणि दुसऱ्याचं वर सरकवून तासलंत. हे हात अदलाबदल करता येत नाहीत, हे आता प्रत्येक नव्या पोराला आम्ही दाखवतो.

पाय मात्र तुमची खरी कमाल. आम्ही आणलेल्या चित्रात गुडघ्याचा बाक सरळ फळीतून कापलेला होता. तुम्ही ते बाजूला ठेवलंत आणि जन्मतः वाकडी असलेली बाभळीची फांदी शोधलीत, जशी नांगरासाठी शोधतात. फळीतून कापलेल्या बाकाला रेषा आडवी येते आणि लाथ बसली की तो गुडघ्यातच तुटतो.

पूर्वी असे माणूस जमिनीत पुरत. पुरलेला ढिम्म हलत नाही. आपला चौकटीवर, वरच्या-खालच्या दोन आडव्या पट्ट्यांवर टांगलेला आहे. त्या पट्ट्या १ इंचाच्या आतच ठेवायचं तुम्ही मान्य केलंत, मनात शंका असूनही. जाड पट्टी लवत नाही, आणि लवली नाही तर ओंडका धक्का परत देत नाही. गाठ नसलेलं, सरळ रेषेचं लाकूड तुम्ही निवडलंत, म्हणून त्या पातळ असून तग धरून आहेत. चौकटीला उंचीची तीन भोकं ठेवायची कल्पनाही तुमचीच. सातवीतली पोरगी आणि सहा फुटी गडी एकाच ओंडक्यावर सराव करतात ते त्यामुळे.

एक गोष्ट तुम्हाला खटकली होती: हात भोकांत सैल का ठेवायचे? तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे पायसुद्धा घट्ट बसवणारा माणूस तुम्ही. पण इथे २-३ मिलिमीटरची फट हवीच. हात थोडा खेळला की खट्‌ असा आवाज येतो, आणि त्या आवाजावरून धक्का बरोबर दिशेने गेला की नाही ते ओळखता येतं. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगतं. फट नसेल तर हात असा अडकतो की काढताना ओंडका चिरतो. मागची पाचर आम्ही ठोकत नाही, फक्त अडकवतो. भोकांत मेणबत्ती घासतो.

जवसाच्या तेलाचा पातळ हात पावसाळ्याआधी आणि नंतर देतो, आणि वरचं तेल पुसून काढतो, नाहीतर ते चिकट राहतं आणि धूळ धरतं. पुसलेल्या चिंध्या तुम्ही सांगितल्याप्रमाणे पसरून वाळवतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो, आणि आपल्या घराघरांत कापूस भरलेला असतो. ही सूचना आम्ही भिंतीवर लिहून लावली आहे.

तर काका, पोट्ट्यांना काय भेटते? ज्याला खांदा उचलायची खोड आहे त्याला ती रोज दिसते, आणि कमी होताना दिसते. शाळेत किंवा शेतात इतकं चोख उत्तर क्वचितच मिळतं. हे उत्तर देणारं लाकूड तुम्ही दिलंत, याचे मनापासून आभार.

दिवाळीनंतर सवड काढून एकदा या. मधल्या हाताचं भोक खालच्या बाजूने थोडं झिजलं आहे. तिथे धावड्याची पातळ पट्टी बसवायची की भोकच वाढवून जाड शेपटीचा नवा हात घालायचा, हे तुम्हीच ठरवा. आणि येताना मजुरीचा हिशेब सोबत आणा.

आपले,
सकाळच्या सरावाला येणारे आणि शिकवणारे आम्ही सगळे