खाटेवरून दिसलेलं

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तू दर वेळी एकच विचारायचीस, "स्वच्छ आहे ना गं तिथे?" आणि मी "हो गं" म्हणून विषय बदलायचे. शेजारी पाच खाटा, मधे नुसते पडदे. बोलणार काय? आता रुग्णालयातून घरी आलेय. प्लास्टरचा पाय उशीवर टाकून सावकाश लिहिते.

चकचकीत नव्हतं. भिंतींचा रंग जुना, खिडकीला पोपडे. पण जिथे जिथे हात लागतो तिथे नीट लक्ष होतं: खाटेचा कठडा, बेल, दाराची मूठ, सलाइनचा स्टँड. सफाईच्या बाई आधी हे सगळं पुसायच्या, फरशी शेवटी. तीही आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. कोरडा झाडू एकदाही फिरवला नाही, कारण धुळीबरोबर जंतूही उडतात. शौचालयाचा मॉप लाल, वॉर्डाचा निळा, दोघांची गाठ पडायची नाही. तू ओट्याच्या फडक्याला कुणाला हात लावू देत नाहीस ना, अगदी तसं.

त्या बाई टेबल पुसायला आल्या की आधी विचारायच्या, "तुमचा चष्मा उचलू का?" आठ दिवसांत असं विचारणारं माणूस ते एकच. एक मोठे डॉक्टर तर पायथ्याशी उभे राहून विद्यार्थ्यांना माझ्या पायाबद्दल दहा मिनिटं सांगून गेले. मला एक शब्द नाही. जणू दाखल झाला होता तो फक्त पाय. ब्रिटनमध्ये २०१३ साली केट ग्रेंजर या डॉक्टर कर्करोगाच्या रुग्ण म्हणून रुग्णालयात होत्या. उपचार करणारे कितीतरी जण आपलं नावही सांगत नाहीत, हे त्यांना खाटेवरूनच कळलं, आणि त्यांनी स्वतःची ओळख करून देण्याची मोहीम सुरू केली. मला तेव्हा सारखी त्यांची आठवण येत होती. अर्थात मी तरी सफाईच्या बाईंचं नाव कुठे विचारलं? त्यांचा बिल्ला कायम उलटा फिरलेला असायचा, एवढीच माझी सबब.

रात्रीचं मात्र विचारू नकोस. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, रुग्णकक्षात रात्री आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, म्हणजे कुजबुजीइतका. आमच्याकडे नर्सेसच्या टेबलाशी एक वाजताही हशा पिकायचा. दोन रात्री मी गप्प पडून राहिले, तिसऱ्या रात्री बेल दाबून सांगितलं. आलेली मुलगी ओशाळली, दिवाही मंद केला. पुढे पुन्हा थोडं सुरू झालंच, पण हळू आवाजात.

पाचव्या दिवशी समोरच्या आजींना जुलाब लागले आणि त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूची शंका होती. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात दडलेले जंतू, हाताला लावायच्या अल्कोहोलच्या जेलने मरत नाहीत, साबण-पाण्याने धुऊनच काढावे लागतात. एरवी जेल २०–३० सेकंद चोळून काम भागतं. त्या दिवसापासून मात्र बेसिनवर रांग लागायची, एकेकाला ४०–६० सेकंद. आजींची खाट, पडदे, सगळं बदललं. त्या जाताना रडत होत्या. आपण कुणाला तरी नकोशा झालो असं त्यांना वाटलं असावं. त्यांना हलवणाऱ्या मुलाने खाली वाकून सगळं समजावलं आणि मगच चाकं सोडली.

आई, पुढच्या महिन्यात तुझं डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून हे एवढं लिहिलं. तपासायला येणाऱ्याला विचार, "हात धुतलेत ना?" भीड धरू नकोस. मी विचारलं तेव्हा नर्स रागावली नाही, "बरं झालं आठवण केलीत" म्हणून बेसिनकडे वळली. एखादा रागावलाच, तरी आधी हात धुऊ दे, मग रागावू दे. आणि भेटायला येणारे खाटेवर बसले तर उठव, मग ते बाबा का असेनात.

बाबांना नमस्कार सांग.

तुझी लेक