कातळ राखा, बंदीचं नंतर पाहू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात याच पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की डोंगरात रोज कोणी ना कोणी पडतंय, तेव्हा कडे चढायची ही थेरं सरसकट बंद करावीत, आणि घरदार असलेल्यांनी तर हा नाद करूच नये. मी घरदार असलेली आहे. एसटीत वाहक आहे, वय सत्तेचाळीस, दोन मुलं, सासूबाई, गुडघे अजून शाबूत. आणि हा नाद मला चांगलाच लागला आहे. म्हणून हे पत्र.

माझी ड्युटी बरीच वर्षं नाशिक-त्र्यंबक आणि पुढे मोखाडा-जव्हारच्या गाड्यांवर. सातपूर मागे पडलं की डोंगर दिसायला लागतात. पण दिसतात म्हणजे काय, तर तिकिटं काढून हिशेब जुळवता जुळवता खिडकीबाहेर जेवढं नजरेला पडेल तेवढं. अंजनेरी म्हणजे फाट्यावर उतरणारी माणसं. ब्रह्मगिरी म्हणजे तिसऱ्या श्रावणी सोमवारची फेरी आणि गाडीत पाय ठेवायला जागा नाही. शनिवारी पहाटे मोठाल्या सॅका घेतलेली पोरं चढायची. मार्च 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून त्यांत मुलीही जास्त दिसायला लागल्या. सॅका मधल्या वाटेत ठेवतात म्हणून मी त्यांच्यावर कायम करवादायचे.

अशाच एका सॅकेतून दोराचं वेटोळं बाहेर आलं होतं. उचलून बाजूला सारायला गेले तर चांगलंच जड. "विहीर खणायला चाललात का?" म्हणून विचारलं. त्यांच्यात एक बाई होत्या माझ्याच वयाच्या, केस पिकलेले, शाळेत शिकवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "साठ मीटरचा आहे ताई, चार किलो भरतो. तुम्हाला सुट्टी कोणत्या वारी असते?" मला वाटलं, दोर दाखवायला बोलावताहेत. गेले.

शहरापासून अर्ध्या तासावर एका टेकडीच्या पोटात आमचा सरावाचा कातळ आहे. उंची तीन मजली घराएवढी. त्यावर चढायचं ते असं: वर कातळात ठोकलेल्या पक्क्या बोल्टमधून दोर घेतलेला असतो, एक टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या हार्नेसला, म्हणजे पट्ट्याला, आठाच्या गाठीने बांधलेलं, दुसरा भाग खाली उभ्या असलेल्या बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याच्या, ताब्यात. चढणारा वर सरकेल तसा खालचा माणूस दोर ओढून घेत राहतो. हात सुटलाच तर माणूस फूट-दोन फूट खाली येऊन दोरावर लटकतो, बस्स. दोरही आपला बाजारातला नव्हे. चढाईचा दोर ताण आला की थोडा लांबतो, म्हणजे पडल्याचा हिसका कमरेला कमी बसतो. रॅपलिंगचा, म्हणजे कडा उतरायचा, दोर वेगळा, तो जवळजवळ लांबत नाही. सहलीवाल्यांच्या जाहिराती पाहून जाणाऱ्यांनी निदान एवढं तरी आयोजकाला विचारावं, की बाबा, तुझ्याकडे कोणता दोर आहे आणि तो किती वर्षं वापरलाय.

पहिलं काम म्हणजे बांगड्या आणि अंगठी काढून ठेवणं. मी काचकूच केली. बाईंनी सरळ सांगितलं की अंगठी खाचेत अडकून अंगाचा भार तिच्यावर आला तर बोटाची कातडी सोलून निघते. पुढे काही बोलायची गरज पडली नाही. मंगळसूत्रही पर्समध्ये गेलं. (सासूबाईंना हे या पत्रातूनच कळेल.)

मला वाटत होतं की हातांनी वर ओढत जायचं असतं, आणि माझ्या हातांत तेवढा जोर कुठला. पण चढाई पायांवर होते. बोटभर रुंदीच्या कंगोऱ्यावर बुटाचं टोक ठेवायचं, टाच खाली ठेवायची, त्या पायावर विश्वास टाकून उभं राहायचं, मग हात आपोआप वरच्या खाचेपर्यंत जातो. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन नेहमी घट्ट, हलवायचा फक्त एक. मोखाड्याच्या घाटात वळणावळणाला दांडी न धरता मी तिकिटं काढलेली आहेत. अंगाचा तोल कुठून कुठे जातो ते पायांना ठाऊक असतं. शिकवणारा पोरगा खालून ओरडला, "ताई, पाय मस्त आहेत तुमचे!" आमच्या डेपोत इतकी वर्षं काढली, कामाचं असं कौतुक काही वाट्याला आलं नव्हतं.

अर्ध्यावर मात्र अडकले. उजवी पोटरी थडथडायला लागली, वरची खाच हाताला येईना, खाली बघायचं धाडस नाही. समोर नाकापासून वीतभर अंतरावर कातळ. त्यात बारीक पांढरे ठिपके, एका चिरेत मुंग्यांची रांग, आणि माझा श्वास त्या दगडावर आपटून परत तोंडावर येत होता. खालून कोणी "चला चला" केलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "डावा पाय गुडघ्याएवढा वर आणा, तिथे एक जागा आहे." होती. वर पोहोचले तेव्हा नखं फुटलेली होती आणि मी मोठमोठ्याने हसत होते, कशाला ते विचारू नका.

आपल्या कातळाचं एक वैशिष्ट्य शिकल्याशिवाय कळत नाही. सह्याद्री झाला लाव्ह्याचे थर एकावर एक साचून, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडा, भुसभुशीत पट्टा असतो. पावसापाण्याने तो झिजतो आणि वरचा दगड नुसता बसलेला राहतो. दिसायला पकड भक्कम, धरली की हातात येते. म्हणून आम्हाला शिकवतात की पकडीवर भार टाकण्याआधी तळहाताने ठोकून बघा. भरीव वाजली तर घ्या, पोकळ वाजली तर सोडा. आणि सुटलाच तर "दगड!" म्हणून ओरडा. खालच्याने वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं. हे ठोकणं आता इतकं अंगवळणी पडलंय की परवा भाजीबाजारात कलिंगड तर सोडाच, नारळही ठोकून पाहिला.

माहेरची मंडळी विचारतात, "मग घोरपड कधी घेणार?" तानाजी मालुसऱ्यांना 1670 मध्ये सिंहगडावर घोरपड लागली असेल, आम्हाला हेल्मेट लागतं. हल्ली टीव्हीमुळे दुसरा प्रश्नही येतो, ऑलिम्पिकचा. टोकियोपासून चढाई ऑलिम्पिकमध्ये आली, हे खरं. पॅरिसला 2024 मध्ये पोलंडची अलेक्झांड्रा मिरोस्लाव पंधरा मीटरची भिंत साधारण सहा सेकंदांत चढून गेली. तेवढ्यात माझी नाडी बांधून होत नाही. मुलांना त्या भिंतींचं वेड लागावं, जरूर लागावं. मला तो प्रकार जरा कोरडा वाटतो, कारण भिंतीवर मुंग्या नसतात.

त्या कातळाने माझं एक काम केलं. ड्युटीवरून रोज दिसणारे डोंगर मला पहिल्यांदा नीट दिसायला लागले. अंजनेरीच्या कड्यावर पांढरे ओघळ दिसतात ती गिधाडांची बसायची जागा, हे मी इतकी वर्षं तिथून जात असून मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच डोंगराच्या नावाने ओळखलं जाणारं एक कंदीलपुष्प तिथे पावसाळ्यात गवतात फुलतं, वीतभर उंचीचं, वाकल्याशिवाय दिसत नाही. कड्यात आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला जायचंच नाही, अत्तर लावायचं नाही, धूर करायचा नाही, हे आमच्यातल्या पायथ्याच्या वाडीतल्या पोराने शिकवलं. तो पोरगा अनवाणी चढतो आणि आमच्या महागड्या बुटांना हसतो.

इतिहासही असाच पायांतून कळला. 1818 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज या भागातले किल्ले घेत आला, आणि इंग्रजांनी पुढे कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. हरिहरच्या वाचल्या, म्हणून आज रविवारी तिथे रांग लागते. मदनगडाच्या वाचल्या नाहीत, म्हणून तिथे तुटलेल्या टप्प्यावर दोर लावूनच जावं लागतं. पुस्तकात हे एक वाक्य असेल. त्या टप्प्यावर लटकताना वरच्या अंगाला उरलेल्या पायरीची कड हाताला लागते, तेव्हा समजतं की कोणीतरी इथे टाकी घेऊन बसला होता. आणि त्याच हरिहरच्या कड्यावर 1986 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट चढून गेला, जो 1975 मध्ये एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीने वर पोहोचला होता. त्या कड्याला अजून स्कॉटिश कडा म्हणतात. एव्हरेस्टवाल्याला आपल्या हरिहरच्या पायथ्याच्या निरगुडपाड्यापर्यंत यावंसं वाटलं, आणि आम्ही तिथून रोज गाडी फिरवून परत येतो!

आता मूळ मुद्दा. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालतात त्याला माझा विरोध नाही. पहिन्याच्या धबधब्याच्या रस्त्यावर रविवारी संध्याकाळी गाडीत चढणारी मंडळी कोणत्या अवस्थेत असतात ते मला वेगळं सांगायला नको. पण त्यांचा आणि चढाईचा काय संबंध? पावसात शेवाळलेल्या कातळाला आम्ही हातही लावत नाही. चढाईचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि ऊन तापलं की संपतो. शिवाय कोणी दरीत अडकलं की पोलीस कोणाला फोन करतात? लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रला, तिकडे महाबळेश्वर ट्रेकर्सला, आणि गावोगावी अशाच पोरांना. रात्रीबेरात्री दोर घेऊन उतरणारी ही माणसं पगारी नाहीत. कोणी दुकान बंद करून येतो, कोणी रात्रपाळी बदलून. ती उतरायला शिकली ती कुठे? अशाच कुठल्या तरी तीन मजली कातळावर. चढाई बंद केलीत तर पुढच्या वीस वर्षांनी फोन कोणाला लावणार आहात, ते त्या वाचकांनी जरा लिहावं.

आणि नेमका तो कातळच जातोय. आमच्या टेकडीच्या पलीकडच्या अंगाला खडीचा क्रशर आहे. सुरुंग उडाला की इकडे चिरा रुंदावतात. पूर्वी ज्या खाचेत बोटाचं पहिलं पेर जायचं तिथे आता अख्खा पंजा जातो, आणि वरच्या दोन बोल्टांवर आम्ही स्वतःहून दोर लावणं बंद केलंय. डंपरनी टेकडीची पाठ कुरतडत आणली आहे. सिंहस्थ तोंडावर आलाय, रस्ते रुंद होताहेत, खडी लागणारच. मी एसटीवाली आहे, खड्डेमुक्त रस्त्याला माझ्याइतकं कोण आसुसलेलं असणार! पण जिल्ह्यात दगड काय तेवढ्याच टेकडीत आहे का? शहराजवळ उन्हात उभं राहून शिकता येईल, पैसे न मोजता, नोकरी सांभाळून, असे कातळ फार थोडे आहेत. हिमालयातल्या मोठ्या कोर्ससाठी महिनाभर सुट्टी कोण देतं वाहकाला? दार्जिलिंगला आणि उत्तरकाशीला जायचं स्वप्न माझ्या पोरांनी बघावं. मला सुट्टीच्या दिवशी दोन तास मिळतात, त्यात बसणारा डोंगर हवा.

आमची मागणी लहान आहे. त्या टेकडीच्या आमच्या बाजूच्या उतारावर खाणीची परवानगी वाढवू नये, आणि सरावाचे असे कातळ तालुकावार नोंदवून ठेवावेत. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीचं आणि सुरक्षिततेचं बरंच काही आहे. शिकायची जागाच राहिली नाही तर नोंदणी करून करायचं काय? गट नंबरासह अर्ज आम्ही दिला आहे, पोच आमच्याकडे आहे. मी इथे टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे वडापावच्या गाड्या लागतील.

अर्जावर जागेची पाहणी होईल असं सांगितलं गेलंय. ज्या साहेबांकडे ती फाईल असेल त्यांनी सकाळी सातच्या आत यावं, नंतर कातळ तापतो आणि हात टिकत नाही. त्र्यंबकची पहिली गाडी सोयीची पडेल. बूट आमच्याकडे पाच नंबरपासून नऊ नंबरपर्यंत आहेत, हेल्मेटही देऊ. अंगठी घरी ठेवून यावं.

आपली,
एक एसटी वाहक, नाशिक
(नोकरीत असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)