परदेशात कपडे धुताना त्वचेकडेही बघा

मा. संपादक,

सुट्ट्यांत परदेशी जाणाऱ्यांसाठी बॅगेत काय भरायचं ते सगळेच सांगतात, पण एक्झिमा नाहीतर नाजूक त्वचा असलेल्यांनी तिकडे कपडे कशात धुवायचे ते कुणी सांगत नाही आणि मग कॉलरखाली, कमरेच्या इलॅस्टिकपाशी लाल चट्टे उठतात नि अख्खी ट्रिप खाजवण्यात जाते. डिटर्जंट घेताना पुढचं बाळाचं चित्र बघू नका, बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. युरोपात सुगंध, एन्झाइम आणि प्रिझर्व्हेटिव्ह असल्याचं लेबलवर लिहावंच लागतं, ही फार मोठी सोय आहे. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह दिसलं की ठेवून द्या, २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने त्याला त्या वर्षीचा प्रमुख ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं होतं. वास नसलेलं, रंग नसलेलं लिक्विड बरं, पावडर गार पाण्यात कधीकधी नीट विरघळत नाही. सॉफ्टनर तर नकोच! आणि हो, लॉन्ड्रोमॅटमधल्या, म्हणजे पैसे टाकून आपले आपण कपडे धुवायच्या दुकानातल्या, काही मशिन स्वतःच डिटर्जंट सोडतात, तिथे आधी पाटी वाचा, नाहीतर आपली बाटली असून उपयोग काय. एक्स्ट्रा रिन्सचं बटण मात्र दाबाच, वेळ लागला तरी चालेल.

आपला,
एक वाचक