छोटूला पऱ्यावर नेऊ दे

बॉकम हिल्स, सिडनी
रविवार, रात्री

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर तू म्हणालास, "आई, डिसेंबरात आम्ही आलो की छोटूला त्या क्रीकवर नको हं नेऊस. तिथं साप असतात." मी बरं म्हणून फोन ठेवला. मग ओटा पुसता पुसता लक्षात आलं, हे वाक्य तुझं नाहीच, माझं आहे. तू नऊ वर्षांचा होतास. गल्लीतली पोरं सायकली टाकून खाली रानात उतरायची, तू कुंपणाशी उभा राहायचास आणि मी खिडकीतून ओरडायचे, "खाली जायचं नाही, जनावर असतं!" तुझ्या मित्रांना जनावर म्हणजे काय ते कळायचं नाही, पण तुला कळायचं. तू मुकाट घरात येऊन बसायचास.

हे फोनवर मला धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आपण या घरात आलो तेव्हा रस्त्याच्या टोकाला 'डार्लिंग मिल्स क्रीक' अशी पाटी होती. शाळेत आम्ही क्रीक म्हणजे खाडी असं पाठ केलेलं. माझ्या डोळ्यांपुढं चिखल, तिवरं, भरतीचं पाणी. इकडे क्रीक साध्या ओढ्यालाच म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्या संगमेश्वराकडचा पऱ्या असतो ना, तसा हा पऱ्या आहे. पुढे तो टुंगाबी क्रीकला मिळतो आणि दोघांची मिळून पॅरामाटा नदी होते. तिवरं आहेत, पण ती पार खाली, होमबुशच्या बाजूला. माझं सगळं लहानपण पऱ्यात पाय सोडून गेलं. आजी हाका मारून दमायची. आणि माझ्या पोराला मी घरापासून पाच मिनिटांवरचा पऱ्या बघू दिला नाही. याचं मला फार वाईट वाटतं, सोन्या. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण मला ते तुला एकदा सांगायचंच होतं.

आता मी आठवड्यातून तीनदा तरी खाली जाते. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं तिथून सुरुवात झाली. फाटकातून खाली उतरायचं, पाण्याच्या कडेनं जायचं आणि पलीकडच्या गल्लीतून वर यायचं, एवढाच फेरा. माझ्या पायांनी पाऊण तास लागतो. छोटूच्या चालीनं, थांबत थांबत, सव्वा तास धर.

वरच्या सपाटीवर शेल नावाच्या मऊ, थरांच्या खडकाची चिकणमाती आहे, म्हणून तिथं आधी फळबागा झाल्या, मग घरं. खाली वालुकाश्माचे कडे, तीव्र उतार, निकस वाळू. तिथं ना शेती जमली ना बांधकाम, म्हणून रान वाचलं. सिडनीच्या उपनगरांमधून अशी रानं घळीघळीनं शिरलेली आहेत ती बहुतेक याच कारणानं. आपल्या रानाला बिजिगल रिझर्व्ह म्हणतात. सहावीत तू पेमुलवॉयवर प्रोजेक्ट केला होतास, आठवतं? इंग्रजांशी झुंजत राहिलेला आणि १८०२ मध्ये गोळी घालून मारलेला तो वीर इथल्या मूळ रहिवाशांपैकी बिजिगल लोकांतलाच. चार्टपेपरवर मी तुला त्याचं चित्र रंगवून दिलं होतं, पण ते नाव आणि हे रान एकच, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

उतरताना डाव्या हाताला अँगोफोराचं एक झाड आहे, निलगिरीच्या नात्यातलं. कड्याच्या फटीतून निघून दगडावर असा सांडलाय की वितळलेलं मेण थिजावं. आत्ता त्याची साल गळते आहे. जुनी राखाडी साल पापुद्र्यांनी सुटून बुंध्याशी ढीग होतो आणि आतून नवी कातडी निघते, भगवी-गुलाबी. भर उन्हात तिच्यावर हात ठेवला तरी गार लागते. कालच मी गाल टेकून उभी होते. छोटूलाही टेकवायला सांग.

त्याच्या थोडं वर दोन स्क्रिबली गम आहेत. गम म्हणजे इथली निलगिरी. त्यांच्या पांढऱ्या खोडावर नागमोडी रेघोट्या असतात. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला पणजोबांच्या पेटीतले मोडीतले कागद आठवले. एका बारक्या पतंगाची अळी सालीच्या आत पोखरत जाते, मग वळून आलेल्या वाटेलाच समांतर परत फिरते, आणि वरची साल गळाली की तिची वाट उघडी पडते. ही लिखावट एकाच किड्याची असेल असं लोक समजत होते. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या पतंगांच्या अकरा नव्या जाती नोंदवल्या. त्यांच्यातले मॅक्स डे तर तेव्हा नव्वदी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ. छोटूला अक्षरं ओळखता येतात ना आता? 'व' आणि 'ळ' शोधायला लावू, हमखास सापडतात.

खाली पाण्यापाशी शांत बसलं की चाबूक कडाडल्यासारखा आवाज येतो आणि लगेच 'चू-चू'. हा व्हिपबर्ड. चाबूक नराचा, उत्तर मादीचं. मधे इतका कमी वेळ जातो की मला कित्येक महिने तो एकच पक्षी वाटायचा.

आता एक चूक सांगते. गेल्या वर्षी कौन्सिलच्या बुशकेअर गटात नाव घातलं. महिन्यातून एक सकाळ तण काढायचं. तिथं समोर काय, तर घाणेरी! आपल्याकडं बांधाबांधावर असते तीच, केशरी-गुलाबी गुच्छांची. मूळची ती अमेरिकेतली, शोभेसाठी म्हणून साहेबांनी हिंदुस्थानात नेली आणि इथंही आणली. १८४१ मध्येच ती ॲडलेडच्या बागेत होती. मला ती ओळखीची, तिचे काटे ओळखीचे, आणि मला चेव चढला. दोन तासांत मी एकटीनं भिंतीएवढी घाणेरी साफ केली. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या खेपेला गेले तर त्या उघड्या जागेत गवताचं घुमटासारखं एक घरटं लोंबत होतं, फाटलेलं. निळ्या फेअरी-रेनचं, त्या चिमुकल्या पक्ष्याचं. आडोसा गेला आणि कुणीतरी शिकारी पक्ष्यानं अंडी नेली. घरटं मुठीत मावेल एवढं, आत कोळ्याचं जाळं आणि पिसं. मी ते हातात धरून कितीतरी वेळ उभी होते.

गटाच्या बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, हे असं करायचं नसतं. सिडनीतल्याच मॉसमनच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६०च्या दशकात घालून दिलेली रीत त्यांनी मला समजावली: जिथं रान अजून धड आहे तिथून सुरुवात करायची, माती फार उकरायची नाही, आणि मूळची झाडं मोकळी जागा भरतील त्याच चालीनं पुढं सरकायचं. तोवर घाणेरीसुद्धा कुणाचं तरी घर असते. तेव्हापासून मी वीतभर काढते आणि थांबते.

तुझ्या भीतीबद्दल. तू काळजी करतोस ते योग्यच आहे, पण कशाची करायची ते नीट ठरवू. लाल पोटाचा काळा साप पाण्याजवळ असतो, तीन वर्षांत मला दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा तोच निघून गेला. तरी बाबांच्या पिशवीत रुंद इलॅस्टिक पट्टी असतेच. चावलाच तर जागा धुवायची नाही, सगळा हात किंवा पाय पट्टीनं घट्ट गुंडाळायचा, माणसाला हलू द्यायचं नाही आणि ट्रिपल झिरोला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या ००० नंबरला, फोन करायचा. गावाकडं दोरी आवळतात, तसलं काही नाही. तू ज्या फनेल-वेब कोळ्याच्या नावानं रात्री लाइट लावून झोपायचास, त्याच्यावर १९८१ पासून औषध आहे आणि तेव्हापासून त्याच्या दंशानं कुणी दगावल्याची नोंद नाही. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मलाच माहीत नव्हतं.

मी खरी जपते ती गोचिडीला. इथली गोचीड वाईट, तिच्या चाव्यानं काहींना मटणाची ॲलर्जीसुद्धा होते. घरी आल्यावर छोटूच्या कानामागं, केसांत, काखेत बघायचं. सापडली तर चिमटीत धरून ओढायची नाही. फार्मसीत तिला गोठवायचा स्प्रे मिळतो, तो मारायचा आणि आपोआप गळू द्यायची. जळवा निघतील, पण त्यांचं काय, मीठ नेऊ. जोराचा वारा असेल त्या दिवशी जायचं नाही, गमच्या फांद्या अवचित तुटतात. मोठा पाऊस झाला की दोन दिवस नाही, कारण वरच्या सगळ्या छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी त्या एवढ्याशा पऱ्यात येतं आणि ओलांडायचे दगड बुडतात. टोटल फायर बॅन, म्हणजे वणव्याच्या धोक्यामुळं बाहेर आग पेटवायला बंदी, असेल तेव्हाही नाही.

तू हो म्हण, एवढंच हवंय. आणि नुसतं छोटूला पाठवू नकोस, तूही चल. सकाळी सातला निघू, म्हणजे ऊन चढायच्या आत परत. मी थालीपीठं करून घेते, त्या सपाट दगडावर बसून खाऊ. तिथं उन्हाला एक वॉटर ड्रॅगन येऊन बसतो, आपल्या घोरपडीचा धाकटा भाऊ शोभेल असा, त्याला मात्र काही घालायचं नाही.

छोटूचे जुने बूट आण, नवे पांढरे नकोत. पायाचं माप कळव, लांब मोजे मी इथूनच घेते.

तुझी,
आई