केंद्र राहू द्या, आधी आमचं चेंबर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवरचा कालचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. वरळी, वांद्रे, धारावी, वेसावे, मालाड, भांडुप, घाटकोपर, सगळी नावं आली. रोज २,४६४ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध होणार, समुद्र निवळणार, मासळी किनाऱ्याला परत येणार. आनंद आहे. १९ जानेवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हाही आम्ही आनंद करून घेतला होता. पण शेवटी जाता जाता लेखकमहाशयांनी कोळीवाड्यांनाही सवयी बदला म्हणून स्वच्छतेचे चार शब्द सुनावलेत, ते वाचून डोकं फिरलं, म्हणून हे पत्र.

केंद्र शुद्ध करणार ते मलवाहिनीतून तिथवर पोचलेलं पाणी. वेसाव्याचं केंद्र १८० दशलक्ष लिटरचं आहे म्हणे. असू दे. आमच्या गल्लीत मलवाहिनीच नाही. न्हाणीचं, मोरीचं, सार्वजनिक संडासाच्या टाकीवरून वाहिलेलं, सगळं एकाच पावसाळी गटारात आणि तिथून थेट खाडीत. यात सवय कोणी बदलायची?

आणि खाडीत गेलेलं तिथेच राहतं असंही नाही. मुंबईच्या पावसाळी नाल्यांची १८६ तोंडं समुद्राकडे उघडतात. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आणि १३५ भरतीच्या पातळीखाली, हे २६ जुलै २००५ च्या पुरानंतर सगळ्यांनी छापलं होतं, तुम्हीही. म्हणजे उधाण आलं की पाणी उलट चढतं आणि गल्लीतल्या सगळ्यात खालच्या झाकणातून वर येतं. ते झाकण आमच्या दारात आहे.

यंदा शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी जवळा वाळत घातला होता. ऊन कडक, वारा चांगला, संध्याकाळपर्यंत कुरकुरीत झाला असता. दुपारी भरती भरली, झाकण हललं आणि काळं पाणी थेट जाळीखाली शिरलं. मी आणि जाऊबाई धावलो, एक कोपरा उचलेपर्यंत बाकीचा भिजला होता. सगळा जवळा फेकला. मांजरंसुद्धा फिरकली नाहीत. वर वलांडीवरचे, म्हणजे बांबूंवर वाळत टांगलेले, बोंबील वाचले, पण त्या वासात ते घ्यायला गिऱ्हाईक कोण थांबणार?

तक्रार केली. एक साहेब म्हणाले, पावसाळी गटार आहे, आमच्याकडे येत नाही. दुसरे म्हणाले, मैला आहे ना, मग पावसाळी गटारवाल्यांकडे कशाला आलात? तिसरे तर म्हणाले, बाई, ते समुद्राचं पाणी असेल. समुद्राचं पाणी कोणतं आणि संडासाचं कोणतं, हे आता कोळणीला शिकवा!

पुढे मोबाइलवर निरोप आला, तक्रारीचं निवारण झालं आहे. सोबत फोटो. फोटोत स्वच्छ चेंबर, भोवती नवे कोरे पेव्हर ब्लॉक, शेजारी उभी केलेली मोटार. आमच्या गल्लीत डोक्यावर टोपली घेतलेल्या दोघी समोरासमोर आल्या तर एकीला भिंतीला चिकटावं लागतं. मोटार कुठून आली, ते त्या साहेबांनाच ठाऊक. त्यांना तो फोटो परत पाठवून विचारलं, तर तक्रार बंद झाल्यामुळे उत्तर देता येत नाही, असं उत्तर आलं.

केंद्रं बांधू नका असं माझं म्हणणं नाही. बांधा, लवकर बांधा. पण एवढ्या कोटींत कोळीवाड्याच्या गल्लीतून जाणाऱ्या मलवाहिनीसाठी किती ठेवलेत, हे एकदा छापा. गल्ल्या अरुंद, यंत्र आत जात नाही, हे कारण आम्ही ऐकून आहोत. माणसं जातात ना आत? मतं मागायला तर रांगेने येतात.

ता. क. आपल्या अंकात पूर्वी रोज भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या. हल्ली दिसत नाहीत. त्या जागी कुठल्या तरी नटीच्या आहाराची माहिती असते. वेळा परत सुरू कराव्यात. जवळा कधी उचलायचा हे आम्हाला त्यावरूनच ठरवावं लागतं.

– एक वाचक, वेसावे