काका, नाणं तुम्ही मलाच वाचायला लावलंत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव-पत्ता विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. पुण्यातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात शेवटच्या संध्याकाळी, आवराआवर चालू असताना, पावडरच्या डबीतून एक हिरवट नाणं तुमच्यापुढे ठेवणारी बाई मीच.

बाबा व्यापारी जहाजावर होते. अलेक्झांड्रियाच्या बंदरात मिळालेलं ते नाणं सिकंदराचं आहे, असं ते जन्मभर सांगत आले. ते गेल्यावर मी एका दुकानात दाखवलं, तर हातातही न घेता "भंगार आहे" म्हणाले. तुम्ही आधी हातरुमाल पसरलात. चिंचेने घासून आणू का, असं मी विचारलं तेव्हा जवळजवळ ओरडलातच. हिरवा थर गेला की अक्षरंही जातील! डिस्टिल्ड पाण्यात भिजवायचं आणि सुटलेली माती लाकडी काडीने हलकेच काढायची, बस.

मग तुम्ही बॅटरी आडवी धरलीत आणि सपाट वाटणाऱ्या नाण्यावर अक्षरं उठून दिसायला लागली. तुम्हाला तर बघताक्षणीच कळलं असणार, तरी भिंग माझ्या हातात दिलंत. "घड्याळात सात असतात तिथून सुरू करा, काट्यांच्या दिशेने." मी अडखळत 'कॉन्स्टॅन्टिनस' वाचलं आणि हरखले. "पुढे वाचा." पुढे आय-व्ही-एन, एन-ओ-बी, सी. रोमन 'व्ही' म्हणजे 'यू'ही. म्हणून 'युनियर', धाकटा. आणि 'नोबिलिसिमस सीझर', म्हणजे युवराज. सम्राट असता तर ए-व्ही-जी, ऑगस्टस, लिहिलं असतं. तर हा रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनचा मुलगा, दुसरा कॉन्स्टन्टाइन. इ.स. 317 मध्ये तान्ह्या वयात युवराज, 337 मध्ये सम्राट आणि 340 मध्ये धाकट्या भावाशी झालेल्या भाऊबंदकीत ठार.

मागच्या बाजूला दोन सैनिक, त्यांच्यामध्ये दोन निशाणं, भोवती 'ग्लोरिया एक्झरसिटस', सैन्याचा गौरव. दोन निशाणं म्हणजे साधारण 330 ते 335. नंतर एकच उरलं आणि नाणंही हलकं झालं. निशाणं मोजून काळ सांगता येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

शेवटी रेघेखालची अक्षरं, एस-एम-ए-एल-ए. एस-एम म्हणजे सम्राटाची टांकसाळ, शेवटचा ए म्हणजे तिथला पहिला कारखाना. "आणि ए-एल म्हणजे कुठलं गाव, ते तुम्हीच सांगा," म्हणालात.

अलेक्झांड्रिया! ज्या शहरात पाडलं गेलं, तिथूनच ते आमच्या घरी आलं होतं. "सिकंदराचं नसलं तरी सिकंदराने वसवलेल्या शहराचं आहे. तुमचे वडील फार चुकले नव्हते," हे तुमचं वाक्य मी आईला जसंच्या तसं सांगितलं.

दीड तास दिलात, पैसे घेतले नाहीत, वर कागदाच्या पाकिटावर सगळं लिहून दिलंत. मनापासून आभार, काका. त्याच रात्री मी आईसमोर बॅटरी आडवी धरली. ती पाच अक्षरं तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

आपली ऋणी,
जहाजावरच्या बाबांची लेक