विनोदी गाणी वाजवणाऱ्यांचीही नावं छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्नेहसंमेलनांवरचा लेख वाचला. गाणाऱ्या मुलीचं नाव आहे, तबलजीचं आहे, पेटीवाल्याचं आहे. पण ज्या पाच जणांनी वऱ्हाडी विडंबनगीतं वाजवून सभागृह डोक्यावर घेतलं, त्यांच्या वाट्याला एकच ओळ आली, 'विद्यार्थ्यांनी धमाल विनोदी गाणी सादर केली'. वर लेखकाचा शेरा असा, की गंभीर संगीत जमत नाही ती मुलं विनोदाकडे वळतात. हे पत्र त्या शेऱ्यासाठी आहे.

मी इतवारीतल्या एका बँड पथकात उभी हयात क्लॅरिनेट वाजवलं. वरात रेंगाळली, नाचणारे दमले, की आमचा युफोनियमवाला (म्हणजे जाड आवाजाचं पितळी वाद्य वाजवणारा) जांभईसारखा एक लांब सूर काढायचा. लोक हसायचे आणि पुन्हा नाचायला लागायचे. तो सूर अर्धी मात्रा उशिरा आणि किंचित खाली लावावा लागतो. नवख्यानं लावला तर तो नुसताच बेसूर वाटतो, हसत कोणी नाही. आमच्या पथकात हे काम सर्वांत जुन्या वादकाकडे असायचं, ते उगीच नव्हे.

या लेखकांना मी बोंझो डॉग डू-डा बँड ऐकायला सांगीन. माझ्या भाच्यानं मला मोबाइलवर लावून दिला, तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागलो आहे. 1962 साली लंडनमध्ये आर्ट स्कूलच्या पोरांनी काढलेला हा बँड. जुन्या बाजारातून 78 च्या तबकड्या आणायच्या आणि 1920-30 च्या काळातली विसरलेली, वेडगळ गाणी सॅक्सोफोन-ट्यूबावर वाजवायची, हा सुरुवातीचा उद्योग. म्हणजे बघा, आमच्याच जातकुळीचे.

मग 1966 मध्ये एका निर्मात्याने त्याच जुन्या वळणाचं एक गाणं भाड्याच्या वादकांकडून रेकॉर्ड करून घेतलं. ते जोरात चाललं. कार्यक्रमांसाठी बँड उभा करायची वेळ आली तेव्हा बोंझोंचा ट्रंपेटवाला बॉब केर त्या नव्या बँडमध्ये गेला. झालं! लोक मूळ मंडळींनाच नकलाकार समजू लागले. सुपारी कोणी पळवली तर काय होतं हे बँडवाल्याला सांगायला नको. पण यांनी रडत न बसता जुनी गाणी मागे टाकली, स्वतःची लिहायला घेतली आणि रॉककडे वळले. खरे बोंझो तिथून सुरू होतात, आणि 1970 च्या सुरुवातीला तर बँड मोडलासुद्धा. करार पुरा करायला 1972 मध्ये एक तबकडी काढावी लागली, ती सोडा.

पण तेवढ्यात केलं काय काय! 1967 साली बीटल्सच्या 'मॅजिकल मिस्टरी टूर' या टीव्हीपटात ते एल्विसच्या ढंगात 'डेथ कॅब फॉर क्यूटी' गाताना दिसले. पुढे अमेरिकेतल्या एका चांगल्या गंभीर बँडने या थट्टेच्या गाण्याचंच नाव स्वतःला घेतलं. 1968 चं 'आय ॲम द अर्बन स्पेसमन' ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. त्याचा निर्माता 'अपोलो सी. व्हर्मथ', आणि या नावामागे होता पॉल मॅकार्टनी. त्या गाण्यात बागेला पाणी घालायचा पाइप वाजतो! एका टोकाला ट्रंपेटचा माउथपीस, दुसऱ्याला नरसाळं, आणि बोंझोंचा गायक व्हिव्हियन स्टॅनशॉल तो डोक्यावर गरगर फिरवायचा. मी घरी करून पाहिलं. नुसता सूर निघायलाच ओठ दुखून येतात.

माझं सर्वांत आवडतं 'दि इंट्रो अँड दि आउट्रो'. आपल्याकडे वाद्यवृंदात निवेदक एकेका वादकाची ओळख करून देतो ना, तसाच स्टॅनशॉल सुरुवात करतो. आधी बँडमधले खरे वादक येतात. मग झायलोफोनवर जॉन वेन, व्हायब्राफोनवर चक्क हिटलर, अशी यादी वाढतच जाते आणि गाणं कधी सुरूच होत नाही. 1973 मध्ये माइक ओल्डफिल्डच्या 'ट्यूब्युलर बेल्स' या तबकडीच्या पहिल्या बाजूच्या शेवटी एकेका वाद्याची नावं पुकारणारा आवाजही याच स्टॅनशॉलचा. त्या गंभीर रचनेला थट्टेतलाच निवेदक लागला. बिचारा 1995 मध्ये घराला लागलेल्या आगीत गेला.

दुसरा नील इनेस, बोंझोंचाच गाणी रचणारा. मुलांच्या एका टीव्ही मालिकेत बोंझो दर आठवड्याला वाजवायचे आणि त्याच मालिकेत पुढे 'मॉन्टी पायथन' हा गाजलेला ब्रिटिश विनोदी कार्यक्रम काढणारे तिघे होते. इनेस नंतर त्यांच्यासाठी गाणी करू लागला. 1978 मध्ये त्याने 'रटल्स' या बीटल्सची टर उडवणाऱ्या खोट्या बँडवरच्या चित्रपटासाठी बीटल्सची विडंबनं रचली. तबकड्या पुन्हा न ऐकता, आठवणीवर. ती इतकी हुबेहूब उतरली, की बीटल्सच्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीने दावा ठोकला आणि त्याला वाटा सोडावा लागला. स्वतः जॉर्ज हॅरिसन मात्र त्या चित्रपटात छोटी भूमिका करून मोकळा झाला. पुढे ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या 1994 च्या 'व्हॉटेव्हर' गाण्यात इनेसच्या जुन्या चालीचा तुकडा निघाला, आणि सहलेखक म्हणून त्याचं नाव घालावं लागलं. म्हणजे नाव छापलं जाणं यालाही किंमत असते, साहेब.

आता लेखकमहाशयांना माझा सवाल, यात कोणाला वाजवता येत नव्हतं? आणि नागपुरात बसून हे काहून सांगावं लागतं? एकोणिसाव्या शतकापासून आपण मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, काढतो, भल्याभल्यांची भर रस्त्यात टिंगल करतो. त्या गर्दीत ताल सोडून वाजवणारा टिकत नाही.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या हंगामात विनोदी गाणी वाजवणाऱ्यांची नावं वाद्यांसह छापा. त्या संमेलनाला मी शेवटच्या रांगेत होतो. बेस गिटारवरच्या मुलीने दुसऱ्या कडव्यात दोन मात्रा मुद्दाम खाल्ल्या, सगळे गोंधळल्यागत झाले, आणि ती बरोबर समेवर येऊन उभी राहिली. ती कोण, एवढं तरी पुढच्या रविवारी छापा.

आपला,
एक निवृत्त क्लॅरिनेटवादक,
इतवारी, नागपूर